न कळणाऱ्या पानाचं बिल कुणाच्या नावावर?

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पाठोपाठ जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने कार्यालयांना शंभर दिवसांचा कार्यक्रम दिला, त्यात संकेतस्थळं सुधारण्याचाही मुद्दा होता. तेव्हापासून आमच्या सांगली-साताऱ्याकडे वेबसाइटवरून जो वाद रंगलाय, तो मला मुळातच भरकटलेला वाटतो. एक बाजू म्हणते, सगळं मराठीत करा, शुद्ध करा, विषय संपला. दुसरी म्हणते, लोक वाचतात कुठे? रील करा, व्हॉट्सॲपवर सोडा, वेबसाइटवर खर्च म्हणजे पैसे पाण्यात. तिसरा एक गट जरा खालच्या आवाजात बोलतो: दृष्टिहीनांसाठी, अपंगांसाठी काहीतरी करायला हवं बरं का, पुढच्या टप्प्यात बघू. पहिल्याला वेबसाइट म्हणजे अस्मितेची पाटी वाटते, दुसऱ्याला सजावट, तिसऱ्याला दानधर्म. माझं म्हणणं एवढंच आहे की वेबसाइटचं पान ही कार्यालयाची खिडकीच आहे. त्या पानावर माणसाला काय करायचं ते कळलं नाही, तर कार्यालयाचं काम अर्धवट राहिलं. उरलेलं अर्धं काम मग नागरिक करतो, स्वतःची रजा टाकून, स्वतःच्या खिशातून.

ही किंमत कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून ती नाहीच असं आपण धरून चालतो. जतच्या किंवा माणच्या एखाद्या गावातला माणूस दाखल्यासाठी कोणते कागद लागतात ते शोधायला बसतो. पानावर 'आवश्यक ती कागदपत्रे सादर करावीत' एवढंच असतं. तो तालुक्याला जातो, तिथे कळतं की एक कागद राहिला. परत येतो, परत जातो. मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं, शेवटी कंटाळून तो झेरॉक्सच्या दुकानात पैसे देऊन अर्ज भरून घेतो. पानावर चार ओळी नीट लिहायला कुणाचा तरी अर्धा तास गेला असता. तो वाचवला आणि हजार माणसांचा एकेक दिवस घालवला. याला काटकसर म्हणायचं?

आता एक नमुना जवळून बघू. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण दोन-चार शब्द इकडचे तिकडे करून हे वाक्य कुठेही सापडतं: 'उपरोक्त विषयान्वये सर्व संबंधित मिळकतधारकांना सूचित करण्यात येते की, चालू आर्थिक वर्षातील मालमत्ता कराचा भरणा विहित मुदतीत न केल्यास प्रचलित नियमानुसार शास्तीची आकारणी करण्यात येईल, याची कृपया नोंद घ्यावी.' यातले शब्द अवघड आहेत हे कुणीही सांगेल. पण माझी तक्रार शब्दांबद्दल नाहीच. या वाक्यात तारीख नाही. दंड किती ते नाही. पैसे कुठे भरायचे ते नाही. म्हणजे वाचणाऱ्याला ज्या तीन गोष्टी हव्या होत्या त्या तिन्ही गायब, आणि जे आहे ते त्याला आधीच माहीत होतं. आता हे बघा: 'घरपट्टी अमुक तारखेपर्यंत भरा. उशीर झाला तर थकलेल्या रकमेवर दर महिन्याला २ टक्के दंड बसेल. ऑनलाइन भरताना बिलावरचा मालमत्ता क्रमांक जवळ ठेवा.' सोपं केलं की मजकूर पातळ होतो म्हणतात; यात नेमकं काय पातळ झालं?

इथे समोरचा सगळ्यात वजनदार मुद्दा येतो आणि तो मी मान्य करतो. कायद्याच्या भाषेला कारण असतं. शासन निर्णयातला एक शब्द हलला तर उद्या कोर्टात त्याचा वेगळा अर्थ लागतो. 'करता येईल' आणि 'करावे' यांत हक्काचा फरक आहे. टिपणी लिहिणारा कर्मचारी घाबरून जुनंच वाक्य उचलतो, कारण जुन्या वाक्याने आजवर कुणाला नोटीस आलेली नाही. ही भीती खोटी नाही. पण वरचं घरपट्टीचं वाक्य पुन्हा वाचा. ते अचूक आहे का? 'विहित मुदत' म्हणजे कोणती हे न सांगणारं वाक्य अचूक नसतं, नुसतं सुरक्षित असतं, आणि सुरक्षितही लिहिणाऱ्यापुरतंच. जीआर, म्हणजे तो शासन निर्णय, आहे तसाच राहू द्या, त्याला कुणी हात लावू नका. पान म्हणजे जीआर नव्हे. पानाने सांगायचं असतं की या जीआरमुळे तुम्ही काय करायचं, कधीपर्यंत, कुठे. खाली मूळ जीआरची लिंक द्या, ज्याला भांडायचंय तो वाचेल.

'सोपं म्हणजे उथळ' हा आक्षेप आमच्या भागात जरा जास्तच ऐकू येतो, आणि त्यालाही उत्तर द्यायला हवं. मराठी विश्वकोश साताऱ्यातल्या वाईत घडला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते, पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यातल्या नोंदी काही लाडीगोडीच्या नाहीत, पुंजभौतिकीची किंवा मीमांसेची नोंद वाचताना घाम फुटतो. फुटलाच पाहिजे, विषयच तसा आहे. पाणीपट्टीच्या पानाला ही सवलत नाही. शिवाय तोच विश्वकोश आज इंटरनेटवर आहे, मोबाईलवर शब्द टाकून शोधता येतो, हवा तो परिच्छेद उचलता येतो, त्यासाठी वाईला जावं लागत नाही. म्हणजे विद्वत्तेने भरलेला मजकूर मोकळा आणि नळजोडणीचा अर्ज मात्र तिरक्या स्कॅनमध्ये कोंडलेला, अशी ही उलटी गंगा आहे.

अवघडपणा नेहमी जड शब्दांतच असतो असंही नाही. अर्जातला एक प्रश्न घ्या: 'माझ्या कुटुंबातील कोणीही सदस्य सरकारी सेवेत कार्यरत नाही.' पुढे दोन गोल, 'होय' आणि 'नाही'. एकही शब्द कठीण नाही. आता ज्या बाईच्या घरात सरकारी नोकर कुणीच नाही तिने कुठे टिचकी मारायची? मनात ती म्हणते 'नाही, आमच्यात कुणी नाही', आणि बोट 'नाही'वर जातं. संगणकाच्या लेखी तिने नुकतंच कबूल केलं की घरात सरकारी नोकर आहे. दोन नकार एकावर एक आले की पदवीधरही अडखळतो. 'घरात कुणी सरकारी नोकरीत आहे का? आहे / नाही' एवढा प्रश्न केला असता तर काय बिघडलं असतं? असल्या प्रश्नामुळे एखादीचा लाभ बंद झाला तर तिलाच सांगतात, बाई, तुम्हीच चुकीचं भरलंय.

'लोक वाचतच नाहीत' हे म्हणणाऱ्यांवर माझा खरा राग आहे. रील, व्हिडिओ यांना माझा विरोध नाही. ज्याला अक्षरं जड जातात त्याला आवाजातून, चित्रातून कळत असेल तर उत्तमच. पण 'वाचत नाहीत' हे कुणाबद्दल बोलताय? १९१९ साली कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा 'कुणब्याच्या पोराला अक्षरं कशाला' हे ऐकवणारे होतेच. त्या पोरांच्या नातवंडांना आज आपण सांगतोय, तुम्हाला वाचायला आवडत नाही. तासगावचा द्राक्षवाला बेदाण्याच्या सौद्याचे दर वाचतो, किमान, कमाल, सरासरी, सगळं. हळदीचा दर सांगली मार्केट यार्डात काय निघाला हे गावातल्या म्हाताऱ्यालाही पाठ असतं. उसाच्या एफआरपीची, म्हणजे कारखान्याने द्यायच्या किमान दराची, आकडेमोड करताना आमचा शेतकरी सीएला ऐकत नाही. माणसं स्वतःच्या कामाचं सगळं वाचतात. आपण त्यांच्यासमोर ठेवतो काय, तर पहिल्या पडद्यावर फिरणारी तीन छायाचित्रं, फित कापताना, दीप लावताना आणि पुन्हा फित कापताना. मग कुणी वाचलं नाही म्हणून वाचकाला दोष द्यायचा. आणि व्हिडिओत तारीख चुकली तर? पानावरची ओळ दोन मिनिटांत दुरुस्त होते, व्हॉट्सॲपवर सुटलेला व्हिडिओ मात्र पुढच्या वर्षीही फिरत राहतो.

मग कुणी म्हणतं, महा-ई-सेवा केंद्रं आहेत की, चार पोरांचं पोटही भरतं त्यावर. हेही खोटं नाही. यातली कितीतरी मुलं मनापासून काम करतात, आणि ज्याच्याकडे फोनच नाही त्याला मदतीचा माणूस कायमच लागणार. पण मदतनीस असणं वेगळं, मदतनिसाशिवाय पर्यायच नसणं वेगळं. आपल्याकडे याचा इतिहास आहे. दप्तर मोडीत, हिशोब कुलकर्ण्याच्या हातात, आणि शेतकरी अंगठा उठवायला. जोतीराव फुल्यांनी अज्ञानी शेतकऱ्याची ही लूट सडेतोड मांडली. त्यांचं घराणं मूळ आपल्याच खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतन गेलं, मोडी गेली, सातबारा बाळबोधात आला. एवढं सगळं झाल्यावर आपण पुन्हा अशी कागदपत्रं तयार करतोय जी वाचायला मधला माणूस लागतोच. तो माणूस वाईट नसेल, पण ज्याला वाचता येत नाही तो त्याच्या चांगुलपणावर अवलंबून, हे नातं तेव्हाही घातक होतं आणि आजही आहे.

आता त्या 'पुढच्या टप्प्यात बघू'वाल्यांकडे येतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंग व्यक्तींची संख्या २९ लाखांहून अधिक होती. दृष्टिहीन माणूस फोन वापरतो तो कानाने. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आधीपासूनच असतं, संगणकासाठी एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं. एकदा फोनचा टॉकबॅक चालू करून, डोळे मिटून, आपल्या गावच्या एखाद्या कार्यालयाचं पान ऐका. 'लिंक, येथे क्लिक करा. लिंक, येथे क्लिक करा. लिंक, येथे क्लिक करा. ग्राफिक. ग्राफिक.' कशासाठी क्लिक करा? कुणाचं ग्राफिक? निविदा आहे की दाखल्याचा नमुना आहे की साहेबांचा फोटो, काही पत्ता नाही. सूचनेची फाइल उघडली तर शांतता, कारण ती फाइल म्हणजे कागदाचा फोटो आहे आणि त्यात यंत्राच्या दृष्टीने एकही अक्षर नाही. शेवटी कॅपचा येतो, वेडीवाकडी अक्षरं ओळखा म्हणणारा, ऐकवणारा पर्याय नसलेला. दार उघडं असून माणूस बाहेर.

यातला खरा चीड आणणारा भाग पुढे आहे. ती सूचना मुळात संगणकावरच टाइप झालेली असते. म्हणजे वाचता येणारी, शोधता येणारी, मोठी करता येणारी अक्षरं हातात होती. मग तिची प्रिंट काढली, साहेबांची सही घेतली, शिक्का मारला, आवक-जावकला नंबर टाकला आणि स्कॅनरवर तिरकी ठेवून पुन्हा फोटो केला. अक्षरं मारून टाकायला आपण जास्तीचे पाच टप्पे केले. सही-शिक्का लागतो, मान्य. बिनसहीच्या कागदावर कुणी विश्वास ठेवत नाही. मग सहीचा स्कॅन खाली जोडा आणि टाइप केलेला मजकूर पानावर चिकटवा. याला निविदा लागत नाही, एजन्सी लागत नाही. छोट्या ग्रामपंचायतीला, पतसंस्थेला पैसे नाहीत हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. ग्रामसेवकाच्या डोक्यावर आधीच पंधरा पोर्टलं आहेत. पण इथे मागणी काम वाढवण्याची नाहीच, एक पायरी गाळण्याची आहे.

आणि हे फक्त दृष्टिहीनांसाठी आहे असं कुणी ठरवलं? अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान साडेचारास एक असावा असं वेबच्या आंतरराष्ट्रीय निकषांत २००८ पासून लिहिलंय. पांढऱ्यावर फिक्या राखाडी रंगाची नाजूक अक्षरं डिझायनरच्या एसी खोलीत छान दिसतात. तीच दुपारी बाराच्या उन्हात बांधावर उभं राहून बघा. चाळिशी लागलेल्या शिक्षिकेला, मोतीबिंदू झालेल्या आजोबांना, काच तडकलेल्या फोनवाल्या पोराला, सगळ्यांना तेच लागतं. बारा एमबीची पीडीएफ पाटणच्या किंवा जावळीच्या खोऱ्यात उघडायला घ्या, नेटवर्कचा एक दांडा येतो-जातो तोवर ओटीपीची मुदत संपते.

शिवाय आता हा मेहेरबानीचा विषय राहिलेला नाही. केंद्राची शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांनाही सेवा वापरता याव्यात यासाठीचे, नियम नुसते शिफारशीवजा ठेवणं मूळ कायद्याशीच विसंगत आहे, आणि सक्तीचे निकष ठरवायला केंद्राला तीन महिने दिले. ३० एप्रिल २०२५ चा निकाल तर याहून बोलका आहे. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या स्त्रीला केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, कॅमेऱ्यासमोर पापण्यांची उघडझाप करायला सांगत होते. ती कशी करणार? डिजिटल सेवा मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने त्यात म्हटलं. आता सांगा, हा पुढचा टप्पा कधीचा?

अस्मितावाल्या मित्रांशी माझं भांडण कमी आहे, कारण मराठीत पान हवंच. राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे, साठ वर्षं उलटली, तरी बँकांची आणि कितीतरी कारखान्यांची पानं इंग्रजीतच उघडतात. पण मराठी दिसणं म्हणजे मराठी असणं नव्हे. जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो आणि कॉपी करून दुसरीकडे टाकला की त्याची रोमन कचराकुंडी होते. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, तरी ही सवय सुटत नाही. असं पान गूगलला सापडत नाही, फोनला वाचता येत नाही. पानाची भाषा मराठी असल्याची नोंद पानाच्या कोडमध्ये केली नाही, तर वाचणारा आवाज हिंदी वळणाने बोलू शकतो आणि काही फॉन्टांत आपला ल आणि श हिंदी घाटाचे उमटतात. अभिजात भाषेचे फलक लावणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

'आता एआय आहे, विचारलं की सोपं करून सांगतं' हा ताजा युक्तिवाद. सांगतं, खरंय. पण ज्या पानावर तारीखच नाही त्यातून ते तारीख कुठून आणणार? एकतर नाही म्हणेल, नाहीतर ठोकून देईल.

हे सगळं कुठून सुरू करायचं यावर माझं मत ठरलेलं आहे: पुरापासून. सांगलीत ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कोयना धरणातून किती पाणी सोडलं आणि आयर्विनला किती फूट, या दोन आकड्यांवर पावसाळ्यात आमचं सगळं गाव चालतं. ही भाषा लोकांनी स्वतः कमावली आहे. पण पूर येतो तेव्हा सरकारी आकडा येतो तो तक्त्याच्या फोटोत, बारीक अक्षरांत, आणि कितीदा त्यावर वेळच लिहिलेली नसते. मग कालचा फोटो आज फिरतो आणि घबराट होते किंवा त्याहून वाईट, लोक निर्धास्त राहतात. क्यूसेकचा, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं त्याचा, आकडा बहुतेकांना नुसता मोठा वाटतो. माणसाला विचारायचं असतं: सूर्यवंशी प्लॉटात, दत्तनगरात, कर्नाळ रोडला पाणी कधी शिरणार? या भागांत धोका पातळीच्या बऱ्याच आधी पाणी येतं, म्हणजे '४५ ला धोका' हे वाक्य तिथल्या माणसासाठी उशिराचं आहे. एक पान करा. वर तारीख आणि वेळ, ठळक. खाली आयर्विनची पातळी, अक्षरांत आणि आकड्यांत, फोटोत नाही. मग किती फुटांना कोणत्या गल्लीने सामान हलवायचं, निवारा केंद्र कोणत्या शाळेत आणि उचलला जाणारा एक फोन नंबर. हलकं पान, एका दांड्यावर उघडणारं, टॉकबॅकने सलग ऐकू येणारं. कोणत्या फुटाला कुठली गल्ली बुडते हे महापालिकेतल्या जुन्या माणसांना आणि त्या गल्ल्यांतल्या बायांना तोंडपाठ आहे, त्यांना बसवून घ्या आणि लिहून काढा. मृगाच्या आत हे एवढं होऊ शकतं. घरपट्टीचं मग दिवाळीनंतर बघू.